अमेरिकेत वृद्ध आईवडिलांसाठी घरच्या घरी सरकारी मदत: पात्रता नेमकी कशी ठरते?

सांजवात

आईला पार्किन्सन होऊन सहा वर्षे झाली. दोन वर्षांपूर्वी ती बाथरूममध्ये पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली आणि घरी आल्यावर मेडिकेअरकडून (म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या केंद्र सरकारच्या आरोग्यविम्याकडून) नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि आठवड्यातून दोनदा अंघोळ घालायला एक बाई येऊ लागल्या. आम्हा सर्वांना हायसे वाटले. नवव्या आठवड्यात थेरपिस्टने शेवटच्या भेटीच्या कागदावर सही घेतली आणि त्याच दिवसापासून त्या बाईंचे येणेही बंद झाले. आईची अवस्था तर तीच होती. उलट पडण्याच्या धास्तीने ती आता वॉकर सोडायला तयार नव्हती. मग मदत थांबली कशी, हे समजून घेण्यात माझे चार महिने गेले. दुसऱ्या कोणाचे ते जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी मेडिकेअरविषयी, कारण गैरसमजाचे मूळ तिथेच आहे. मेडिकेअरची घरपोच सेवा ही आजारातून उठणाऱ्या माणसासाठीची वैद्यकीय सेवा आहे, म्हातारपणाची सोय नव्हे. ती मिळण्यासाठी रुग्ण ‘होमबाउंड’ असावा लागतो, म्हणजे दुसऱ्याच्या किंवा एखाद्या साधनाच्या मदतीवाचून त्याला घराबाहेर पडता येत नाही आणि बाहेर पडणे त्याला फार कष्टाचे जाते. डॉक्टरकडे, देवळात किंवा वृद्धांच्या दिवसा चालणाऱ्या केंद्रात जाणे चालते. तेवढ्याने पात्रता जात नाही. दुसरी अट अशी की नर्सची किंवा थेरपिस्टची, म्हणजे प्रशिक्षित माणसाची, अधूनमधून गरज आहे असे डॉक्टरने लिहून द्यावे लागते, आणि हे प्रमाणपत्र दर ६० दिवसांनी नव्याने लागते. अंघोळ घालणारी बाई या प्रशिक्षित सेवेच्या जोडीनेच येते. नर्स आणि थेरपिस्ट थांबले की तिचेही येणे थांबते. केवळ अंघोळ, कपडे, उठबस यांसाठी मेडिकेअर पैसे देत नाही, आणि आईला नेमके तेच हवे होते.

इथे एक गोष्ट मात्र सर्वांनी लक्षात ठेवावी. ‘आता सुधारणा होत नाही, म्हणून सेवा बंद’ असे कोणी सांगितले तर ते नियमाला धरून नाही. जिमो विरुद्ध सिबेलियस या खटल्यातल्या तडजोडीला जानेवारी २०१३ मध्ये न्यायालयाची मान्यता मिळाली, आणि तिच्यानुसार प्रकृती आहे तशी टिकवण्यासाठी किंवा ऱ्हास लांबवण्यासाठी प्रशिक्षित माणसाची गरज असेल, तरीही मेडिकेअरची सेवा मिळू शकते. पार्किन्सनसारख्या आजारात हे फार महत्त्वाचे आहे. आम्हाला हे तेव्हा ठाऊक नव्हते, म्हणून आम्ही त्या कागदावर मुकाट्याने सही केली.

रोजच्या अंगमेहनतीच्या मदतीसाठी ज्याचे दार ठोठावावे लागते ते मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्ययोजना. मेडिकेडचे नियम केंद्र आणि राज्य मिळून ठरवतात, त्यामुळे एका राज्यातल्या मैत्रिणीचा अनुभव दुसऱ्या राज्यात जसाच्या तसा लागू पडत नाही. केंद्राच्या कायद्याप्रमाणे नर्सिंग होमचा (इथे याचा अर्थ वृद्धांना ठेवून घेऊन शुश्रूषा करणारी संस्था) खर्च देणे प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे, परंतु घरी राहणाऱ्या वृद्धाला मदतनीस देण्याचा बहुतेक भाग राज्याच्या मर्जीवर आहे. ही मदत बहुतेक ठिकाणी ‘वेव्हर’ नावाच्या योजनांतून मिळते. वेव्हर म्हणजे नेहमीच्या नियमांतून राज्याने घेतलेली सूट, आणि १९८१ सालच्या कायद्याने ती शक्य झाली. वेव्हरमध्ये जागांची संख्या ठरलेली असते, म्हणून प्रतीक्षायादी असते. काही राज्यांत मात्र ‘पर्सनल केअर’ ही सेवा मेडिकेडच्या मूळ आराखड्यातच आहे आणि तिथे पात्र माणसाला रांगेत उभे करता येत नाही. म्हणून चौकशी करताना ‘वेव्हरमध्ये जागा आहे का’ एवढेच विचारून थांबू नये.

पात्रतेच्या दोन बाजू आहेत, पैशाची आणि गरजेची. पैशाच्या बाजूबद्दल माझ्यापेक्षा जाणकार मंडळी लिहितील अशी आशा आहे. मला लिहायचे आहे ते गरजेबद्दल, कारण आमचा पहिला अर्ज तिथेच नाकारला गेला, आणि तो नाकारला जाण्यात आमचाच वाटा मोठा होता.

मूल्यमापनाला येणारी व्यक्ती आजाराचे नाव विचारते, पण निर्णय आजाराच्या नावावर होत नाही आणि वयावर तर मुळीच होत नाही. अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, खाटेवरून किंवा खुर्चीवरून उठबस, मलमूत्रावरचे नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने जेवणे, या सहा क्रिया सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मांडल्या. तेव्हापासून जवळपास सगळ्या प्रश्नावल्या याच क्रियांभोवती फिरतात. यांपैकी किती क्रियांना दुसऱ्याचा हात लागतो, कितींना केवळ सूचना द्यावी लागते आणि कितींना कोणीतरी जवळ उभे असावे लागते, हे मोजले जाते. वेव्हरसाठी हे मोजमाप नर्सिंग होममध्ये दाखल करण्याइतक्या गरजेपर्यंत पोहोचावे लागते. ती रेषा कुठे आखायची हे पुन्हा ज्याचे त्याचे राज्य ठरवते.

आमच्याकडे मूल्यमापन सकाळी अकराला होते. आईने ठेवणीतली साडी नेसली होती. अर्थात नेसवली मी. केस विंचरून, खुर्चीत ताठ बसून ती त्या बाईंची वाट पाहत होती. तिची गोळी दहाला झालेली होती, आणि पार्किन्सनच्या घरात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना माहीत असेल की गोळीनंतरचा तास-दीड तास हा दिवसातला सगळ्यांत बरा वेळ असतो. त्या बाईंनी विचारले, ‘अंघोळ स्वतः करता का?’ माझ्या भावाने मराठीत प्रश्न सांगितला. आई म्हणाली, ‘हो, करते की माझी मी.’ भावाने तेच इंग्रजीत सांगितले. मी समोरच बसले होते. रोज स्टुलावर तिला बसवणे, एका हाताने तिचा दंड धरून दुसऱ्या हाताने पाणी घालणे, पाय पुसताना ती पुढे कलंडू नये म्हणून गुडघा टेकवून बसणे, हे सगळे मीच करत होते; पण परक्या माणसासमोर आईला खोटे पाडायचे कसे, म्हणून मी गप्प राहिले. चाळीस मिनिटांत त्या बाईंनी सहापैकी एकाच क्रियेला मदत लागते अशी नोंद केली. तीन आठवड्यांनी नकाराचे पत्र आले.

आई खोटे बोलली असे मला आजही वाटत नाही. साबण तिच्याच हातात असतो, अंगाला तीच लावते, म्हणून तिच्या लेखी अंघोळ तीच करते. प्रश्न विचारणाऱ्याला ‘माझ्यामुळे लेकीला त्रास होतो’ हे सांगणे तिला जिवावर येते. आपल्या घरांतली बहुतेक म्हातारी माणसे अशीच उत्तरे देतील, आणि म्हणूनच हे इतके लांबण लावून लिहिले.

नकाराच्या पत्रातच ‘फेअर हिअरिंग’, म्हणजे सुनावणी, मागण्याची मुदत दिलेली असते. आम्ही ती मागितली आणि तोवर तीन आठवडे एक वही ठेवली. तिच्यातल्या नोंदी अशा आहेत: ‘पहाटे ३.१०, कूस बदलता आली नाही, हाक मारली. ६.४०, खाटेवरून उठवायला दोन वेळा प्रयत्न. ७.०५, संडासात बसवले, उठताना हात सुटला, मी मागून धरले. ९.५०, गोळीआधी चमचा तोंडापर्यंत पोहोचत नाही, मी भरवले.’ डॉक्टरांकडून गोळीच्या आधीच्या आणि नंतरच्या अवस्थेत काय फरक पडतो याचे पत्र घेतले. सुनावणीआधीच दुसरे मूल्यमापन झाले. या खेपेस आम्ही दुभाषा मागितला, आणि मी आईसमोर नव्हे तर शेजारच्या खोलीत त्या नव्या बाईंच्या हातात वही दिली. आईला आठवड्याला २४ तास मदत मंजूर झाली.

आडवाट

फार मोलाचे लिहिले आहे आपण. माझ्या वडिलांचे वय ७४ आहे, आईचे ७०. दोघे तीन वर्षांपूर्वी माझ्या अर्जावरून ग्रीनकार्डवर आले. वडिलांची स्मृती झपाट्याने कमी होते आहे. मागच्या महिन्यात ते रात्री दोनला दार उघडून बाहेर गेले होते. दोघांचेही इथे कधी नोकरीचे काम झालेले नाही. त्यांना यांपैकी काही मिळू शकते का? आणि हात-पाय धडधाकट असताना निव्वळ विसरण्यामुळे गरज सिद्ध होते का?

कवडसा

मी वृद्धांसाठीच्या एका स्थानिक संस्थेत पंधरा वर्षे काम करते आहे. इथल्या भाषेत तिला ‘एरिया एजन्सी ऑन एजिंग’ म्हणतात. आडवाट, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते दिलासा देणारे आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला शर्टाची बटणे लावता येतात, पण शर्ट घालायचा आहे हेच आठवत नाही. तेव्हा शेजारी उभे राहून एकेक पायरी सांगावी लागणे हीसुद्धा मदतच आहे, आणि बहुतेक राज्यांच्या प्रश्नावल्यांत तिची नोंद होते. रात्री घराबाहेर पडणे, गॅस चालू ठेवणे, गोळ्या दोनदा घेणे या गोष्टी सुरक्षिततेच्या आणि देखरेखीच्या भागात येतात. त्या तारखेनिशी सांगाव्यात. ‘हल्ली फार विसरतात’ या वाक्याने त्या कागदावर काहीच उमटत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कठीण आहे. ऑगस्ट १९९६ च्या कायद्याने ग्रीनकार्ड मिळाल्यापासून पाच वर्षे केंद्राच्या पैशातून मेडिकेड घेता येत नाही. निर्वासितांसारखे काही अपवाद आहेत, पण मुलांच्या अर्जावर आलेले आईवडील त्यांत बसत नाहीत. काही राज्ये स्वतःच्या पैशातून या लोकांना सामावून घेतात, त्यामुळे आपल्या राज्यात विचारणा जरूर करावी. पाच वर्षांनंतरही एक अडथळा राहतो. तुम्ही त्यांना आणताना आय-८६४ या अर्जावर त्यांच्या पोषणाची हमी दिलेली असते, आणि ते नागरिक होईपर्यंत किंवा कामाच्या ४० तिमाह्या (साधारण दहा वर्षे) भरेपर्यंत तुमचे उत्पन्न त्यांचेच धरले जाऊ शकते. म्हणून नागरिकत्वाचा अर्ज वेळेवर करणे हा या साऱ्यातला सर्वांत उपयोगी उपाय आहे. गंभीर स्मृतिभ्रंश असेल तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर, एन-६४८ या अर्जाने, इंग्रजीच्या आणि नागरिकशास्त्राच्या परीक्षेतून सूट मागता येते.

मेडिकेअरचे म्हणाल तर ६५ वर्षे वय आणि ग्रीनकार्डवर सलग पाच वर्षे वास्तव्य झाल्यावर ते विकत घेता येते. स्वतःचे किंवा जोडीदाराचे काम नसल्यामुळे भाग ‘ए’, म्हणजे हॉस्पिटलचा विमा, फुकट मिळणार नाही. २०२५ साली त्याचा पूर्ण हप्ता महिना ५१८ डॉलर आणि भाग ‘बी’चा (डॉक्टरांच्या सेवांसाठीच्या विम्याचा) सर्वसाधारण हप्ता १८५ डॉलर होता. तुमच्या नोकरीची वर्षे आईवडिलांच्या नावावर जमा होत नाहीत, हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारते.

तरीही आज, या घडीला, तुमच्यासाठी एक दार उघडे आहे. १९६५ सालच्या ‘ओल्डर अमेरिकन्स ॲक्ट’खाली चालणाऱ्या सेवा ६० वर्षांवरील सर्वांसाठी आहेत आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. घरपोच जेवण, घरकामाला थोडी मदत, काळजी घेणाऱ्या कुटुंबीयाला दोन-चार तासांची उसंत, प्रशिक्षण, सल्ला हे सगळे त्यात येते. निधी कमी असल्याने सर्वाधिक गरजूंना प्राधान्य मिळते आणि बहुतेक ठिकाणी वाट पाहावी लागते, परंतु स्मृतिभ्रंशाच्या माणसाची एकटी काळजी घेणारी ७० वर्षांची पत्नी ही माझ्या यादीत नेहमी वर असते. आईंचे नाव आजच नोंदवा. वडिलांचे नव्हे, आईंचे. काळजीवाहक म्हणून.

उंबरठा

कवडसाताई, पैशाच्या बाजूबद्दलही सविस्तर लिहाल का? माझ्या सासऱ्यांच्या नावावर भारतात एक फ्लॅट आहे आणि थोड्या मुदतठेवी आहेत. इथे त्यांचे बँक खाते माझ्या यजमानांबरोबर संयुक्त आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी सल्ला दिला की फ्लॅट धाकट्या दिरांच्या नावावर करून टाका आणि अर्जात काही लिहू नका.

कवडसा

तो सल्ला कृपा करून ऐकू नका. अर्जावर शपथेवर सही असते आणि मालमत्ता दडवणे हा गुन्हा आहे. परदेशातली मालमत्ताही विकता येण्याजोगी असेल तर हिशेबात येते. फ्लॅट दिरांच्या नावावर केलात तर आणखी एक पेच उभा राहील. वेव्हरसाठी किंवा नर्सिंग होमसाठी अर्ज करताना मागच्या ६० महिन्यांतले व्यवहार तपासले जातात, आणि बाजारभावापेक्षा कमी किमतीत किंवा बक्षीस म्हणून दिलेल्या मालमत्तेच्या प्रमाणात काही महिने मदत रोखली जाते. हा दंड जेव्हा माणूस बाकी सगळ्या दृष्टीने पात्र असतो तेव्हापासून मोजला जातो, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी. दिलेली वस्तू परत घेतली तर दंड मागे घेता येतो, पण तोवर घरातल्या माणसांचे हाल होतात. हे मी पाहिले आहे.

ढोबळ आकडे सांगते. बऱ्याच राज्यांत वेव्हरसाठी उत्पन्नाची मर्यादा एसएसआयच्या (गरीब वृद्ध आणि अपंगांसाठीच्या मासिक भत्त्याच्या) केंद्रीय दराच्या तिप्पट असते. २०२५ साली तो दर महिना ९६७ डॉलर होता, म्हणजे मर्यादा २,९०१ डॉलर. मालमत्तेची मर्यादा अनेक राज्यांत एका माणसाला अवघी २,००० डॉलर आहे, काही राज्यांत ती बरीच जास्त आहे. राहते घर, एक गाडी, घरातले सामान हे साधारणपणे यात धरले जात नाही. घराच्या बाबतीत किमतीची कमाल मर्यादा असते, पण जोडीदार त्यात राहत असेल तर ती आड येत नाही. उत्पन्न थोडे जास्त असेल तर अनेक राज्यांत जादा रक्कम एका विशिष्ट न्यासात वळती करून पात्र होता येते. त्याला ‘मिलर ट्रस्ट’ म्हणतात.

पती-पत्नींपैकी एकालाच मदत हवी असेल तर दुसऱ्याने कंगाल व्हावे अशी कायद्याची अपेक्षा नाही. घरी राहणाऱ्या निरोगी जोडीदारासाठी राखून ठेवता येणारी रक्कम २०२५ साली जास्तीत जास्त १,५७,९२० डॉलर होती. वेव्हरच्या अर्जालाही हे संरक्षण सध्या लागू आहे, आणि कित्येक कुटुंबे ते ठाऊक नसल्यामुळे अर्जच करत नाहीत.

संयुक्त खात्याचे प्रकरण वेगळेच. दुसऱ्या खातेदाराने मदतीचा अर्ज केलेला नसेल तर त्या खात्यातले सगळे पैसे अर्जदाराचेच आहेत असे आधी गृहीत धरले जाते, आणि ते तसे नाहीत हे तुम्हाला कागदोपत्री दाखवावे लागते. सोय म्हणून सासऱ्यांचे नाव घातले असेल तर पगार कोणाचा जमा होतो याची विवरणपत्रे काढून ठेवा. ५५ वर्षांवरील व्यक्तीवर केलेला हा खर्च तिच्या मृत्यूनंतर तिच्या मालमत्तेतून वसूल करणे राज्यांना १९९३ पासून बंधनकारक आहे, हेही आधीच माहीत असलेले बरे. जोडीदार हयात असेपर्यंत वसुली होत नाही. भारतातल्या फ्लॅटबद्दल वृद्धांच्या कायद्यात मुरलेल्या वकिलाचा सल्ला घ्या. तेवढी फी सत्कारणी लागेल.

रानवारा

माहितीबद्दल आदर ठेवून एक शंका मांडतो. मेडिकेड ही गरिबांसाठीची योजना आहे. आपल्यापैकी बहुतेक जण चांगले कमावतात. स्वतः आईवडिलांना हौसेने इथे आणायचे आणि मग त्यांचा भार सरकारवर टाकायचा, हे मला पटत नाही. हमीपत्रावर सही करताना आपण शब्द दिलेला असतो.

सांजवात

रानवारा, ही शंका मलाही बरेच दिवस छळत होती, म्हणून ती बाजूला सारत नाही. हमीपत्र असेपर्यंत तो शब्द पाळलाच पाहिजे, आणि आम्ही तो पाळला. आईने नागरिकत्व घेतले आणि त्यानंतर तिचा अर्ज तिच्या स्वतःच्या नावाने, तिच्याजवळ जे आहे तेवढ्यावर झाला. मेडिकेडच्या नियमात अर्जदाराचे आणि जोडीदाराचे उत्पन्न पाहतात, प्रौढ मुलांचे नाही. हा काही चोरदरवाजा नव्हे, इथल्या प्रत्येक नागरिकाला लागू असलेला तोच नियम आहे.

पण मनातले खरे सांगायचे तर आम्ही भार टाकला नाही, वाटून घेतला. आठवड्याचे १६८ तास असतात. त्यांतले २४ तास मदतनीस असते. उरलेल्या १४४ तासांत आई कोणाच्या भरवशावर असते, हे वेगळे सांगायला नको. ती मदत नसती तर मी नोकरी सोडली असती, आणि एके दिवशी पाठ धरली की आईला नर्सिंग होममध्ये ठेवावे लागले असते, जिथे आपली भाषा कोणाला कळली नसती.

कवडसा

यात थोडा इतिहास जोडावासा वाटतो. वेव्हरची कल्पना लोकांसमोर आली ती आयोवा राज्यातल्या केटी बेकेट नावाच्या लहान मुलीमुळे. मेंदूच्या विषाणूजन्य संसर्गानंतर तिला व्हेंटिलेटर लागत असे. हॉस्पिटलात राहिली तरच मेडिकेड खर्च देणार, घरी गेली तर नाही, असा नियम होता, आणि घरचा खर्च हॉस्पिटलापेक्षा कितीतरी कमी होता. १९८१ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तिचे उदाहरण जाहीरपणे दिले आणि तिला घरी जाता आले. पुढे १९९९ साली ओल्मस्टेड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपंग व्यक्तीला समाजात राहता येणे शक्य असताना विनाकारण संस्थेत ठेवणे हा भेदभाव आहे. जॉर्जियातल्या लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन स्त्रियांचा तो लढा होता. घरी राहून मदत मागणाऱ्या माणसाने संकोच बाळगावा असे मला मुळीच वाटत नाही.

रानवारा

समजले. हमीपत्र आणि नागरिकत्व यांतला हा संबंध मला माहीत नव्हता. १४४ तासांचा हिशेब वाचून थोडा वेळ काहीच सुचले नाही.

पाणपोई

दोन गोष्टींची भर घालते. आमच्या सासूबाई ‘पेस’ या योजनेत आहेत. वय ५५ च्या पुढे, नर्सिंग होमच्या पातळीची गरज, योजनेच्या क्षेत्रात वास्तव्य आणि तिच्या मदतीने घरी सुरक्षित राहता येण्याची शक्यता, एवढ्या अटी आहेत. डॉक्टर, थेरपी, औषधे, दिवसाचे केंद्र, ने-आण करणारी गाडी आणि घरची मदत हे सगळे एकाच चमूकडून मिळते. सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये वृद्धांना नर्सिंग होममध्ये जावे लागू नये म्हणून १९७० च्या दशकात ‘ऑन लोक’ ही संस्था उभी राहिली, तिच्या धर्तीवर ही योजना बेतली गेली आणि १९९७ साली ती मेडिकेअरमध्ये कायम झाली. अट एकच जड वाटते, की नेहमीचे डॉक्टर सोडून त्यांचे डॉक्टर घ्यावे लागतात. सासूबाईंनी महिनाभर कुरकुर केली आणि मग केंद्रात त्यांना पत्ते खेळायला जोडीदार मिळाले.

दुसरी गोष्ट म्हणजे मुलीला किंवा सुनेला मदतनीस म्हणून मोबदला मिळू शकतो का? अनेक राज्यांत मिळतो. ‘सेल्फ-डायरेक्शन’ नावाचा पर्याय विचारावा; त्यात मदतनीस कोण हे वृद्ध व्यक्ती स्वतः निवडते. पती-पत्नीला मोबदला देण्याबाबत राज्याराज्यांत फरक आहे, कॅलिफोर्नियाच्या आयएचएसएस या घरपोच मदतीच्या योजनेत मुलांना आणि जोडीदारालाही देतात. तासांची नोंद मात्र काटेकोर ठेवावी लागते.

आडवाट

सर्वांचे मनापासून आभार. आज सकाळी आईचे नाव काळजीवाहक म्हणून नोंदवले. फोनवरच्या बाईंनी विचारले, ‘तुम्हाला झोप मिळते का?’ आणि आई पहिल्यांदा ‘नाही’ म्हणाली. एक विचारायचे राहिले: दुभाषा आपल्या पैशाने आणायचा असतो का? आणि एकदा मंजूर झालेले तास कायम राहतात का?

सांजवात

दुभाषा मोफत मिळतो, तो त्यांनीच द्यायचा असतो. सरकारी पैसा घेणाऱ्या कार्यालयांवर १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे ती जबाबदारी येते. मराठी दुभाषा प्रत्यक्ष क्वचितच येतो, बहुधा फोनवर असतो; वेळ ठरवतानाच ‘हिंदी नको, मराठी हवा’ असे स्पष्ट सांगावे. घरच्या माणसाला हे काम देऊ नये, लेकरांना तर कधीच नाही. नातवासमोर आजोबा अंथरूण ओले होते असे सांगणार नाहीत.

तास कायमचे नसतात. निदान वर्षातून एकदा पुन्हा मूल्यमापन होते. तास कमी करायचे ठरले तर बदल लागू होण्याच्या साधारण दहा दिवस आधी पत्र यावे लागते, आणि ती तारीख उलटण्याआधी सुनावणी मागितली तर निकाल लागेपर्यंत जुनेच तास चालू ठेवण्याची मागणी करता येते. निकाल विरुद्ध गेला तर तेवढ्या काळाचा खर्च वसूल होऊ शकतो, हे मात्र ध्यानात असू द्या. म्हणून सरकारी पाकीट आले की त्याच दिवशी उघडावे आणि पाकिटावरचा शिक्का जपून ठेवावा.

आमचे पुनर्मूल्यमापन पुढच्या महिन्यात आहे. वही अजून चालू आहे. आता तिच्यात माझ्या अक्षराबरोबर मदतनीस बाईंचेही अक्षर असते. काल त्यांनी लिहिले आहे की खाटेवरून उठताना आईला तीन वेळा आधार द्यावा लागला आणि तिसऱ्या वेळी आई त्यांचा हात घट्ट धरून बराच वेळ तशीच बसून राहिली.